लिंबाच्या पानावरील नागअळीचा पतंग कसा ओळखावा

नाशिकमध्ये ज्यांच्या अंगणात, गच्चीवरच्या ड्रममध्ये किंवा शेताच्या बांधावर कागदी लिंबाचे झाड आहे, त्यांनी पावसाळा सरत आला की कोवळ्या पानांवर उमटलेल्या चंदेरी, वेड्यावाकड्या रेघा हमखास पाहिलेल्या असतात. या रेघा पाने पोखरणाऱ्या अळीच्या, म्हणजे नागअळीच्या, असे कोणताही बागाईतदार लगेच सांगतो. पण ही अळी पुढे ज्या इवल्याशा पतंगात बदलते तो पतंग मात्र वर्षानुवर्षे लिंबू लावणाऱ्यांनीही सहसा पाहिलेला नसतो. तो खात्रीने कसा ओळखावा, हे येथे सांगितले आहे. त्यासाठी महागडे सूक्ष्मदर्शक लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे हातभिंग, एक बारीक सुई, झाकणाची पारदर्शक डबी आणि सकाळचा थोडा निवांत वेळ एवढ्यावर काम भागते.

आग्रहाचे सांगणे एकच आहे, ते असे की पतंगाच्या आधी पान वाचावे. झाड कोणते आहे, रेघ पानाच्या कोणत्या बाजूला आहे, तिच्या आतली विष्ठा कशी पडली आहे आणि अळीने कोष कोठे केला आहे, या चार गोष्टी नीट पाहिल्या की पतंग हाती येण्याआधीच त्याचे नाव जवळजवळ निश्चित होते. याउलट, रात्री दिव्यावर आलेला एखादा पांढुरका, जिऱ्याच्या दाण्याहूनही लहान पतंग कोणी डबीत घालून आणला, तर तो कोणत्या जातीचा हे सांगताना अनुभवी अभ्यासकालाही थांबावे लागते.

या पतंगाचे शास्त्रीय नाव फिलोक्निस्टिस सिट्रेला असे आहे. ग्रॅसिलॅरिइडी या कुळात त्याचा समावेश होतो. या कुळातील बहुतेक पतंगांच्या अळ्या निदान सुरुवातीचे आयुष्य पानाच्या आत काढतात. हेन्री टिबॅट्स स्टेन्टन या ब्रिटिश कीटक अभ्यासकाने १८५६ मध्ये कलकत्त्याच्या नमुन्यांवरून त्याचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. मूळचा तो आशियातला. १९९३ मध्ये तो अमेरिकेतील फ्लोरिडात आढळला आणि पुढे लिंबूवर्गीय फळे पिकवणाऱ्या बहुतेक देशांत पोहोचला. तेव्हा आपल्या परसातल्या झाडावर जो दिसतो तो बाहेरून आलेला पाहुणा नाही, तो येथलाच जुना रहिवासी आहे.

झाड आधी निश्चित करावे

पाने पोखरणाऱ्या पतंगांचा एक स्वभाव अभ्यासकाच्या फार उपयोगी पडतो. त्यांतील बहुतेक जाती एकाच झाडावर किंवा एकाच कुळातील मोजक्या झाडांवर जगतात. फिलोक्निस्टिस सिट्रेला ही जात लिंबू, मोसंबी, संत्रे, ईडलिंबू, पपनस या लिंबूवर्गीय झाडांवर राहते आणि त्याच कुळातील बेल व कुंती यांच्यावरही तिची नोंद आहे. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर किंवा देवळाच्या आवारात बेलाच्या कोवळ्या त्रिदळावर अशी चंदेरी रेघ दिसली, तर ती बारकाईने पाहण्यासारखी असते.

झाड चुकले की पुढचे सगळे चुकते, हे द्राक्षाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. द्राक्षवेलीच्या पानावरही नागमोडी रेघ काढणारा एक पतंग भारतातून नोंदलेला आहे. तो याच फिलोक्निस्टिस प्रजातीतला (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट), पण त्याची जात टोपार्का ही वेगळी आहे. निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात लिंबाचे झाड आणि द्राक्षाचा मांडव अनेकदा एकाच बांधाच्या अल्याड-पल्याड असतात. म्हणून द्राक्षाच्या पानावर अशी रेघ दिसताच 'लिंबावरची कीड बागेत शिरली' असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते, कारण लिंबाचा पतंग द्राक्षावर अंडी घालून आपली वंशवेल वाढवत नाही.

एकाच झाडावर अनेक जाती असतील तर हेच काम अधिक बारीक होते. युरोपातील अल्डर या वृक्षावर फिलोनोरिक्टर प्रजातीचेच अनेक पतंग राहतात, आणि त्यांना वेगळे करताना तेथील अभ्यासक आधी पान उलटसुलट करून पाहतात. स्टेटिनेन्सिस या जातीची अळी पानाच्या वरच्या बाजूला पोखरते, तर राजेला, क्लीमॅनेला आणि फ्रोलिकिएला या जातींच्या अळ्या खालच्या बाजूला राहतात. त्याच अल्डरवरील हेलिओझेला रेस्प्लेंडेला हा पतंग तर आणखी सोपी खूण मागे ठेवतो. त्याची अळी आधी शिरेतून वाट काढते, मग शिरेलगत लहानसा डाग पोखरते आणि शेवटी पानाचा एक लंबगोल तुकडा कापून, त्यातच स्वतःला बंद करून जमिनीवर पडते. पानाला उरते ते नेमके लंबगोल भोक. आपल्या लिंबावर जातींची एवढी गर्दी नाही, त्यामुळे नवशिक्याने सुरुवात येथूनच करावी. पद्धत मात्र तीच आहे.

केव्हा आणि कोणते पान पाहावे

या पतंगाची मादी जून, कडक झालेल्या पानावर सहसा अंडी घालत नाही. तिला नवती लागते, म्हणजे नुकतीच फुटलेली, पोपटी, हाताला मऊ लागणारी पालवी. त्यामुळे बहराचे वेळापत्रक ज्याला माहीत आहे त्याला ही अळी केव्हा शोधावी हे वेगळे सांगावे लागत नाही. मृगाच्या पावसानंतरची फूट, भाद्रपद-आश्विनातली फूट आणि थंडी ओसरल्यावर माघ-फाल्गुनात येणारी फूट, या तीन वेळा झाडाकडे लक्ष ठेवावे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात या रेघा सर्वांत सहज सापडतात. निफाडचा पारा उतरतो त्या दिवसांत झाडाची फूटही थांबते आणि अळीची वाढही मंदावते. उबदार हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा जो प्रवास दोन-तीन आठवड्यांत आटोपतो, त्याला थंडीत याहून कितीतरी अधिक काळ लागतो. छाटणी किंवा भरपूर नत्र दिल्यानंतर झाडाला एकदम फूट येते, तेव्हा ऋतू कोणताही असला तरी एकदा पाहून घ्यावे.

येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. पोखरलेले पान झाडावर पुढे महिनोन्‌महिने टिकते. ते आक्रसते, कडा वळतात, रेघांचा पापुद्रा फाटून तपकिरी होतो आणि लांबून पाहणाऱ्याला सगळे झाड आजच किडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात अशा पानात अळी नसते. ती केव्हाच पतंग होऊन निघून गेलेली असते. म्हणून ओळखीसाठी फांदीच्या टोकाची, करंगळीच्या पेराएवढी किंवा थोडी मोठी झालेली पाने निवडावीत, जून पानांवर वेळ घालवू नये. फवारणीचा विचार करणाऱ्यांनीही हा फरक समजून घेतला तर त्यांचे पैसे वाचतील, कारण जुन्या रेघांवर मारलेले औषध कोणालाच लागत नाही आणि चालू रेघेतली अळी पापुद्र्याखाली असल्याने नुसत्या वरून पडणाऱ्या औषधापासून बरीच सुरक्षित असते.

अंडे शोधण्याचा हट्ट सुरुवातीला धरू नये. ते जेमतेम ०.३ मिलिमीटरचे, चपटे आणि पारदर्शक असते, आणि बहुधा कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला मध्यशिरेजवळ एकटेच चिकटवलेले असते. भिंगाखाली पाण्याचा सूक्ष्म थेंब चिकटून बसावा तसे ते दिसते, आणि खरा थेंब कोणता हे ठरवणे पुष्कळदा शक्य होत नाही.

रेघेची परीक्षा

आता पान हातात घ्यावे. शक्यतो तोडू नये, फांदीवरच उलटे करावे. रेघ पानाच्या खालच्या बाजूला आहे की वरच्या, हे आधी पाहावे. ही अळी दोन्ही बाजूंना सापडते, खालच्या बाजूला अधिक. मग बोटाचे टोक किंचित ओले करून रेघेवरून हलकेच फिरवावे. पावसाळ्यात गोगलगायी पानांवरून जातात तेव्हा त्यांचा वाळलेला चिकट मागही असाच चमकतो. पण तो पुसला जातो किंवा खवल्यांसारखा सुटतो. अळीची रेघ पुसली जात नाही, कारण ती पानावर नसून पानाच्या पापुद्र्याखाली असते.

यानंतर पान सूर्याकडे धरून आरपार पाहावे. ही परीक्षा सर्वांत बोलकी आहे. टोमॅटो-घेवड्यावरच्या नागअळीची (ती पतंगाची नसून एका माशीची अळी असते) रेघ उजेडासमोर धरली की तेथे पान पातळ झालेले, कधी कधी जवळजवळ पारदर्शक झालेले दिसते, कारण ती अळी पानाच्या आतला हिरवा गर खाते. लिंबाच्या अळीची रेघ उजेडासमोर धरली तर खालचा हिरवा रंग बराचसा शाबूत असतो. ही अळी गर खात नाही. तिचे डोके चपटे असते, जबडे पात्यासारखे असतात, आणि त्यांनी ती पानाच्या अगदी बाहेरच्या पापुद्र्यातल्या पेशी कापत त्यांतील रस पीत पुढे सरकते. पापुद्रा खालच्या गरापासून सुटतो, मध्ये हवा शिरते आणि त्या हवेमुळे रेघेला चांदीसारखी झळाळी येते. म्हणूनच नवी रेघ चंदेरी दिसते आणि पापुद्रा वाळून फाटला की ती झळाळी जाते.

भिंगातून रेघेच्या मधोमध पाहावे. तेथे सलग, बारीक, काळपट-तपकिरी रेषा दिसते. ती अळीची विष्ठा. अळी द्रवावर जगत असल्यामुळे विष्ठाही पातळ असते आणि ती चालेल तसतशी मागे मध्यभागी रेषेच्या रूपात पसरत जाते. लिंबाच्या पानावर चंदेरी रेघ आणि तिच्या मधोमध ही सलग काळपट रेषा, एवढे दोन्ही दिसले की मी 'फिलोक्निस्टिस' असे निःशंकपणे लिहितो.

रेघेचे एक टोक बारीक असते आणि दुसरे रुंद. बारीक टोकाला अंडे होते. ते बहुधा मध्यशिरेच्या जवळ सापडते. रुंद टोकाकडे सरकत गेलो की अळी जिथे असेल तिथे पापुद्रा किंचित वर आलेला दिसतो. सकाळच्या तिरप्या उन्हात, भिंग अगदी पानाजवळ नेऊन दोन-तीन मिनिटे स्थिर राहिले तर अळी काम करताना पाहता येते. फिकट पिवळसर-हिरवी, काचेसारखी आरपार, पाय नसलेली, पूर्ण वाढली तरी तीन मिलिमीटरच्या आसपासची ही अळी डोके डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे असे सावकाश फिरवत असते, आणि तिचे डोके जिथवर पोहोचते तिथवर पापुद्रा सुटून पांढरा होत जातो. रेघेची वळणे कशी तयार होतात हे एकदा असे डोळ्यांनी पाहिले की ते विसरता येत नाही. अळी एकदा शिरली त्या पानातून दुसऱ्या पानात जात नाही. तिचे सारे बालपण एकाच पानात जाते.

पानाची वळलेली कड

ओळखीची सर्वांत भरवशाची खूण रेघेच्या शेवटी असते आणि नेमकी तीच बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वाढ पूर्ण झाल्यावर अळी पानाच्या कडेला येते. तिची शेवटची अवस्था काहीच खात नाही. तिचे तोंडही खाण्यासाठी न राहता रेशीम सोडण्यापुरते उरते, अंग चपटे न राहता गोलसर होते आणि रंग पिवळा होतो. ती कडेजवळ रेशमाचे धागे ताणते, धागे आवळतात आणि पानाची कड तिच्यावर घडी पडून वळते. या इवल्याशा घडीत ती कोष करते.

ही घडी ओळखायला बोट पानाच्या कडेवरून फिरवावे. जिथे कड आत दुमडून किंचित फुगीर लागेल आणि चंदेरी रेघ येऊन तिथेच संपत असेल, तिथे थांबावे. एखादे पान यासाठी खर्ची घालायला हरकत नाही. सुईच्या टोकाने घडी अगदी हळू उचलावी. धागे तटतट तुटताना भिंगातून दिसतात आणि आत पिवळसर ते तपकिरी रंगाचा, दोन-तीन मिलिमीटरचा सडपातळ कोष आढळतो. त्याच्या डोक्याच्या टोकाला एक सूक्ष्म अणकुचीदार काटा असतो. पतंग बाहेर पडायच्या वेळी कोष याच काट्याने घडीला भोक पाडून अर्धा बाहेर सरकतो. त्यामुळे जुन्या पानांवरही घडीतून अर्धवट डोकावणारी रिकामी, कागदासारखी पातळ कात कित्येकदा सापडते. ती सापडली तर येथून पतंग सुखरूप बाहेर पडला, असे खुशाल लिहावे.

पाने पोखरणाऱ्या माशीच्या अळीने अशी घडी कधीच केलेली नसते. हा एक फरक लक्षात ठेवला तरी निम्मे गोंधळ मिटतात.

कोणाशी गोंधळ होतो

आपल्याकडे 'नागअळी' हा शब्द टोमॅटो, घेवडा, चवळी, काकडी, भोपळा आणि झेंडू यांच्या पानांवरील रेघांनाही सर्रास वापरला जातो. तेथील मुख्य कीड लिरिओमायझा ट्रायफोली ही माशी आहे, पतंग नाही. ती मूळची अमेरिका खंडातली. भारतात ती १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून नोंदली गेली. तिच्या रेघेत विष्ठा मधोमध सलग नसते. काळे तुटक ठिपके किंवा रेषा रेघेच्या एका कडेला, मग दुसऱ्या कडेला, अशा आळीपाळीने पडतात. अळीला वेगळे डोके नसते, रंग पिवळा-नारिंगी असतो आणि तोंडाशी काळे आकडे आतबाहेर होताना दिसतात. वाढ झाल्यावर ती पानाला चीर पाडून बाहेर येते आणि बहुधा मातीत कोष करते. शिवाय मादी माशी रस पिण्यासाठी पानाला असंख्य बारीक छिद्रे पाडते, त्यामुळे रेघांच्या आजूबाजूला पांढरे ठिपके विखुरलेले असतात. लिंबाच्या पानावर असे ठिपके नसतात.

टोमॅटोवरच आणखी एक पोखरणारा जीव आहे आणि तो मात्र खरोखरच पतंग आहे. टुटा या नावाने पिंपळगाव बसवंत, दिंडोरी, गिरणारे भागातील टोमॅटो उत्पादक त्याला चांगले ओळखतात. एडवर्ड मेरिक यांनी १९१७ मध्ये पेरू देशातील नमुन्यांवरून त्याचे वर्णन केले, २००६ मध्ये तो स्पेनमध्ये पोहोचला आणि २०१४ मध्ये भारतात, तोही महाराष्ट्रातच, प्रथम आढळला. त्याची अळी बारीक रेघ काढून थांबत नाही. ती पान पोखरून मोठा, बेढब, पारदर्शक डाग पाडते, त्यात काळ्या दाण्यांची विष्ठा साचवते, एका पानातून निघून दुसऱ्या पानात शिरते, आणि फळही पोखरते. तिच्या डोक्यामागच्या कड्यावर काळी आडवी पट्टी असते. लिंबाच्या पतंगाशी तिचा गोंधळ पानावर होण्याचे कारण नाही, परंतु टोमॅटोच्या शेतात कामगंध सापळा (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारा सापळा) लावलेला असेल आणि शेजारी लिंबू असेल, तर सापळ्यातील प्रत्येक बारीक पतंगाला टुटा म्हणून मोजू नये. टुटाचा पतंग करडा-तपकिरी आणि चांगला सहा-सात मिलिमीटर लांब असतो; लिंबाचा पांढरा आणि त्याच्या निम्म्याहूनही लहान असतो.

रस्त्याकडेच्या करंजाच्या पानांवर किंवा आंब्याच्या कोवळ्या पानांवर फुगलेले पांढुरके फोड दिसतात, तेही पतंगांच्या अळ्यांचे असतात. आंब्यावरील असे फोड अ‍ॅक्रोसर्कॉप्स प्रजातीच्या पतंगाचे असू शकतात. त्यांत नागमोडी रेघ नसते, पापुद्रा रुंद फोडाच्या आकारात सुटतो, आणि मुख्य म्हणजे झाड वेगळे असते. त्यांचा अभ्यास स्वतंत्रपणे करावा.

लिंबावरच्या इतर किडींपैकी लिंबू फुलपाखराची अळी पान कडेकडून खाऊन टाकते. लहान असताना ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते आणि पानाच्या वरच उघड बसलेली असते. सायला आणि मावा या रस शोषणाऱ्या बारीक किडींमुळेही कोवळी पाने आक्रसतात व मुरडतात, पण तेथे रेघ नसते, चिकटपणा असतो आणि मुंग्यांची ये-जा असते. फुलकिड्यांमुळे पानावर चंदेरी-करड्या खरखरीत पट्ट्या पडतात. त्या मात्र पृष्ठभागावरच्या जखमा असून त्यांच्यावरचा पापुद्रा शाबूत नसतो.

खैऱ्याविषयी दोन शब्द अधिक लिहिणे आवश्यक आहे. खैऱ्या हा जिवाणूजन्य रोग असून कागदी लिंबू त्याला विशेष बळी पडते. पानावर उंचवट्याचे, बुचासारखे खडबडीत, पिवळ्या वलयाचे ठिपके ही त्याची खूण. पोखरलेल्या पापुद्र्याच्या जखमांतून हा जिवाणू सहज आत शिरतो, त्यामुळे अळीच्या रेघेच्या वळणावळणाने खैऱ्याचे ठिपके उठलेले पान पावसाळ्यात वारंवार पाहायला मिळते. अशा पानावर कीड आणि रोग ही दोन्ही निदाने वेगवेगळी लिहावीत. जुन्या, मोठ्या झाडाला अळीच्या रेघांनी फारसा धक्का लागत नाही. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या रोपाला मात्र ही जोडी खरोखर मागे खेचते, आणि तेथे वेळीच जाणकाराचा सल्ला घेणे योग्य.

पतंग डोळ्यांसमोर आणावा

झाडावर पतंग शोधण्यापेक्षा घरी काढणे सोपे. वळलेल्या कडेचे पान देठासकट तोडावे. डबीच्या तळाशी ओलसर, पण पाणी न सुटणारा कागदी रुमाल घालावा, त्यावर पान ठेवावे आणि झाकण लावून डबी सावलीत ठेवावी. ऊन लागले तर आत वाफ धरते आणि कोष मरतो. ओल जास्त झाली तर दोन दिवसांत बुरशी येते. रोज झाकण क्षणभर उघडून हवा बदलावी. एका डबीत एकच पान ठेवले तर कोणत्या घडीतून कोण बाहेर आले याचा हिशेब बिघडत नाही.

हे पतंग बहुधा पहाटे बाहेर पडतात, म्हणून डबी सकाळी उठल्याबरोबर पाहावी. पतंग दिसला की डबी काही मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावी. तो सुस्तावतो आणि भिंगाखाली पाहता येतो किंवा मोबाइलच्या मॅक्रो सोयीने त्याचे छायाचित्र घेता येते. छायाचित्रात मोजपट्टी ठेवायला विसरू नये.

पसरलेल्या पंखांसह तो साधारण चार-पाच मिलिमीटर, मिटलेल्या पंखांसह दोन-अडीच मिलिमीटर भरतो. पुढचे पंख चमकदार पांढरे असतात. पंखाच्या मुळापासून मध्याकडे दोन बारीक तपकिरी-काळसर रेषा जातात, मध्याच्या आसपास वाय अक्षरासारखी गडद खूण असते, पुढचा भाग पिवळसर-तपकिरी छटा घेतो आणि अगदी टोकाला एक ठसठशीत काळा ठिपका असतो. हा ठिपका प्रथम शोधावा. तो नुसत्या डोळ्यांनीही जाणवतो. मागचे पंख अतिशय अरुंद असून त्यांच्या कडांना लांब केसांची पांढरी झालर असते. खवले झडलेल्या पतंगावर रेषा दिसत नाहीत आणि अशा नमुन्यावरून जात ठरवू नये. दिवसा तो पानांच्या आडोशाला स्वस्थ बसतो, संधिप्रकाशात आणि रात्री हिंडतो, आणि त्याचे पतंगरूपातले आयुष्य काही दिवसांचेच असते.

डबीतून कधी कधी पतंगाऐवजी मुंगीहूनही लहान, चकाकत्या अंगाचा, चार पारदर्शक पंखांचा कीटक निघतो. प्रयोग फसला असे समजू नये. तो अळीवर जगणारा परोपजीवी कीटक आहे. युलोफिडी कुळातील अशा अनेक जाती या अळीला आवर घालतात आणि त्यांतील सिट्रोस्टिकस फिलोक्निस्टॉइडिस या जातीच्या नावातच आपल्या पतंगाचे नाव गुंफलेले आहे. माझ्या मते ज्या झाडावरून असे कीटक सारखे निघतात त्या झाडावर कीटकनाशक मारण्याआधी दहादा विचार करावा, कारण अळी पापुद्र्याखाली लपते पण हे कीटक उघड्यावर फिरतात आणि औषधाने तेच आधी मरतात.

नोंद कशी लिहावी

प्रत्येक नमुन्याबरोबर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असावी. ओल लागली की पेनाची शाई उतरते. चिठ्ठीवर झाडाचे नाव, गाव आणि ठिकाण, तारीख, रेघ पानाच्या वरच्या की खालच्या बाजूस, विष्ठेची रेषा कशी, घडी होती की नव्हती, आणि डबीतून काय व केव्हा निघाले, एवढे असावे. केवळ 'लिंबू, नाशिक' असे लिहिलेल्या चिठ्ठीचा पुढे काही उपयोग होत नाही. 'कागदी लिंबू, मखमलाबाद, विहिरीजवळचे झाड, आश्विनातील नवती' असे लिहिले तर पुढच्या वर्षी त्याच झाडाशी जाऊन तुलना करता येते. पोखरलेली पाने वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवली तर रेघ आणि घडी दोन्ही चांगल्या टिकतात. वाळलेल्या पानातली चंदेरी झळाळी फिकी पडते, म्हणून ताज्या पानाच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे आधी काढून ठेवावीत.

नाव लिहितानाही पुराव्यापुरतेच लिहावे. नुसती रेघ पाहिली असेल तर 'लिंबावरील फिलोक्निस्टिसची रेघ' असे लिहावे. घडी आणि कोष पाहिला असेल तर तसे नमूद करावे. पतंग काढून पंखाच्या टोकाचा ठिपका व रेषा पाहिल्या असतील तर 'फिलोक्निस्टिस सिट्रेला' असे पूर्ण नाव लिहावे. बेल, कुंती किंवा द्राक्ष यांच्या पानावर रेघ सापडली, तर पतंग निघेपर्यंत जातीचे नाव मोकळे ठेवावे, आणि निघालेला पतंग पानासह कृषी विज्ञान केंद्रातील किंवा महाविद्यालयातील कीटकशास्त्राच्या जाणकाराला दाखवावा. दाखवायला नेताना कोषाची रिकामी कातही त्याच डबीत ठेवावी, कारण तिच्यावरच्या काट्याची ठेवण जाती वेगळ्या करताना कामी येते.